वाचकांचे प्रश्न: आयनांमधली एनर्जी निगेटिव्ह कशी, आणि ती नेमकी कुणाची?

गेल्या अंकात आयनिक बॉन्डवर (म्हणजे चार्ज असलेल्या अणूंच्या, आयनांच्या, एकमेकांतल्या बंधावर) थोडं लिहिलं होतं, त्यावर बरेच मेल आले. वाचताना लक्षात आलं की वरवर प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी बहुतेकांची गाडी दोनच ठिकाणी अडकलीय, एक म्हणजे शून्य कुठे धरायचं आणि दुसरं म्हणजे ही एनर्जी कुणाच्या नावावर लिहायची. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला दिलीय.

प्रश्न: मॅडम, मी बारावीत आहे. सोडियम क्लोराइडच्या एका रेणूची पोटेन्शियल एनर्जी काढायचं गणित होतं, आयनांमधलं अंतर ०.२३६ नॅनोमीटर. माझं उत्तर उणे ९.८ गुणिले १० चा उणे १९ वा घात, एवढे ज्यूल आलं. मैत्रीण म्हणते एनर्जी कधी निगेटिव्ह नसते, तू कुठेतरी चुकलीस. मला चूक सापडत नाहीये.

चूक नाहीच आहे तर सापडणार कुठून. तुझं उत्तर बरोबर आहे आणि ते उणे चिन्ह तर फारच महत्त्वाचं आहे, ते खोडू नकोस.

मैत्रिणीच्या डोक्यात बहुतेक कायनेटिक एनर्जी असणार, ती खरंच निगेटिव्ह होत नाही कारण तिच्यात वेगाचा वर्ग असतो. पोटेन्शियल एनर्जीचं तसं नाही, ती कायम कुठल्यातरी ठिकाणाशी तुलना करून सांगितलेली असते. कूलोमच्या सूत्रात (दोन चार्जचा गुणाकार, भागिले अंतर, आणि त्याला स्थिरांकाने गुणायचं) ते तुलनेचं ठिकाण सूत्र वापरतानाच ठरून जातं, कारण अंतर अनंत केलं की उत्तर शून्य येतं. म्हणजे आपण गुपचूप असं मान्य केलेलं असतं की दोन आयन एकमेकांपासून इतके लांब आहेत की एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही, त्या अवस्थेला शून्य म्हणायचं. आता तिथून सोडियमचा प्लस आयन आणि क्लोराइडचा मायनस आयन जवळ येऊ दे. त्यांना ढकलावं लागत नाही, ते आपणहून ओढले जातात, वाटेत एनर्जी बाहेर पडत राहते, आणि शून्यातून काहीतरी बाहेर गेलं तर उरलेलं शून्यापेक्षा कमीच असणार ना. विहिरीच्या काठाला शून्य धरलं तर तळ उणे मीटरमध्ये येतो तसंच आहे हे, तळाची खोली काही खोटी होत नाही.

आता ते आकड्याचं. ज्यूलमध्ये लिहिलं की असे १० च्या उणे १९ व्या घाताचे आकडे येतात आणि मग घाताची चिन्हं सांभाळता सांभाळता भौतिकशास्त्र बाजूलाच राहतं. त्यापेक्षा एक आकडा पाठ करून टाक, १.४४. एक-एक चार्जचे दोन आयन असतील तर १.४४ ला नॅनोमीटरमधल्या अंतराने भागायचं, उत्तर थेट इलेक्ट्रॉन व्होल्टमध्ये (अणू-रेणूंसाठी सोयीचं एनर्जीचं छोटं एकक) मिळतं. १.४४ भागिले ०.२३६, म्हणजे ६.१. विरुद्ध चार्ज आहेत म्हणून उणे ६.१ इलेक्ट्रॉन व्होल्ट. एका मोलचा (म्हणजे ठरावीक प्रचंड संख्येच्या रेणूंचा) हिशोब हवा असेल तर ९६.५ ने गुण, साधारण ५८९ किलोज्यूल येतात.

ही ६.१ मोठी की छोटी, हे कळायला शेजारी काहीतरी ठेवावं लागतं. साध्या खोलीच्या तापमानाला उष्णतेमुळे होणाऱ्या धक्क्यांची एनर्जी साधारण ०.०२५ इलेक्ट्रॉन व्होल्ट असते. म्हणजे या जोडीला सुटं करायला त्याच्या जवळपास २४० पट एनर्जी लागेल, नुसत्या खोलीच्या उबेने ती सुटणार नाही. अजून एक करून बघ, अंतर दुप्पट कर, ०.४७२. उत्तर निम्मं होतं, उणे ३.०५. म्हणजे बॉन्डच्या लांबीएवढंच अजून एक पाऊल लांब नेलं तर निम्मी किंमत तिथेच भरली जाते आणि उरलेली निम्मी पुढच्या अनंत अंतराला पुरते. कूलोमचा ओढा लांबवर पोचतो पण खरी एनर्जी जवळ आल्यावरच हाती लागते, हे या एका भागाकारात दिसतं.

प्रश्न: तीन आयनांचा रेणू असेल तर प्रत्येक आयनाची एनर्जी काढून बेरीज केली तर उत्तर बरोबर दुप्पट येतं. पुस्तकात नुसतं "अर्ध्याने गुणा" असं लिहिलंय. का ते कुणी सांगत नाही. (बीएस्सी पहिलं वर्ष)

कारण एका आयनाची पोटेन्शियल एनर्जी अशी काही चीजच नसते. ती जोडीची असते. सोडियमची एवढी आणि क्लोराइडची एवढी असा वाटा काढता येत नाही. तू प्रत्येक आयनासाठी बाकीच्यांचा परिणाम मोजतोस तेव्हा पहिला-दुसरा ही जोडी एकदा पहिल्याच्या खात्यात धरतोस आणि परत दुसऱ्याच्या खात्यात, म्हणून दुप्पट. अर्ध्याने गुणणं हा त्याच्यावरचा उपाय झाला, पण मला विचारशील तर सुरुवातीपासूनच आयन न मोजता जोड्या मोज, म्हणजे अर्ध्याची भानगडच येत नाही. तीन आयनांच्या जोड्या ३, चारांच्या ६, पाचांच्या १०.

एक उदाहरण नीट करूया कारण यात खरी गंमत आहे. मॅग्नेशियम फ्लोराइडचा वायुरूपातला रेणू घे, तो सरळ रेषेत असतो, मधे मॅग्नेशियम प्लस २ आणि दोन्ही टोकांना फ्लोराइड मायनस १. मधल्यापासून टोकापर्यंतचं अंतर ड मानू आणि १.४४ भागिले ड याला एक युनिट म्हणू. मॅग्नेशियम आणि डावा फ्लोराइड, उणे २ युनिट. मॅग्नेशियम आणि उजवा, अजून उणे २. दोन फ्लोराइड एकमेकांपासून दुप्पट अंतरावर आहेत आणि एकमेकांना ढकलतात, म्हणून अधिक अर्धा. एकूण उणे साडेतीन.

आता हा रेणू तोडून बघ. आधी उजवा फ्लोराइड काढलास तर त्याला मॅग्नेशियमपासून सोडवायला २ युनिट लागतात पण दुसरा फ्लोराइड त्याला बाहेरच ढकलत होता त्यामुळे अर्धं युनिट वाचतं, खर्च दीड. आता राहिलेला फ्लोराइड काढ, याला ढकलणारं कुणी उरलेलं नाही, खर्च पूर्ण २. दोन्ही फ्लोराइड अगदी सारखे, जागाही सारख्या, तरी एकाला दीड आणि दुसऱ्याला दोन! आता उलट्या क्रमाने कर, दोन्ही फ्लोराइड जागेवर धरून ठेव आणि आधी मधला मॅग्नेशियमच काढ. खर्च ४. मग दोन फ्लोराइड सोड, ते एकमेकांना ढकलत लांब जातील आणि अर्धं युनिट परत देतील. एकूण तेच साडेतीन. कुठल्याही क्रमाने गेलास तरी बेरीज बदलत नाही, पण "या आयनाची किती" या प्रश्नाचं उत्तर क्रमाप्रमाणे बदलतं. म्हणूनच तो प्रश्न विचारायचाच नसतो.

जाता जाता, दोन फ्लोराइड एकमेकांपासून जास्तीत जास्त लांब राहावेत म्हणून रेणू सरळ असणार असं हा हिशोब सांगतो आणि मॅग्नेशियमला ते लागू पडतं. पण बेरियम फ्लोराइडचा रेणू वायुरूपात वाकलेला असतो. बेरियमचा आयन मोठा आहे, त्याचा इलेक्ट्रॉनांचा ढग फ्लोराइडच्या ओढीने विकृत होतो, त्याचे डी ऑर्बिटल्सही (इलेक्ट्रॉनांच्या एका प्रकारच्या जागा) बॉन्डिंगमध्ये येतात, आणि मग आयन म्हणजे फक्त एक बिंदू आणि त्याच्यावरचा चार्ज हे चित्र पुरत नाही.

प्रश्न: मी क्लासमध्ये केमिस्ट्री शिकवतो. सोडियम क्लोराइडचा रेणू तोडायची एनर्जी एका पुस्तकात ५.८ च्या आसपास आणि दुसऱ्यात ४.३ च्या आसपास इलेक्ट्रॉन व्होल्ट दिलीय. मुलं विचारतात कुठलं खरं, काय सांगू?

दोन्ही खरी आहेत सर, दोघांचं शून्य वेगळं आहे. पहिल्या पुस्तकाने रेणू तोडून आयन वेगळे केलेत आणि दुसऱ्याने तोडून अणू वेगळे केलेत. या दोन टोकांमधला फरक म्हणजे इलेक्ट्रॉन इकडून तिकडे न्यायची किंमत. आणि या जागी वर्गात एक वाक्य सर्रास ऐकू येतं, "सोडियमला इलेक्ट्रॉन द्यायचाच असतो", ते मला मनापासून खटकतं. सोडियमकडून इलेक्ट्रॉन काढायला ५.१४ इलेक्ट्रॉन व्होल्ट मोजावे लागतात. क्लोरीन तो घेतो तेव्हा परत मिळतात फक्त ३.६१. म्हणजे देवाणघेवाणीत १.५३ चा तोटा. दोन सुटे अणू लांब लांब असताना सोडियम इलेक्ट्रॉन देणारच नाही, दिला तर तोट्यात जाईल.

मग बॉन्ड होतो कसा? तर तो तोटा आयनांच्या आकर्षणातून भरून निघतो, आणि तो किती अंतरावर भरून निघतो ते मुलांना वहीतच काढता येईल. १.४४ भागिले १.५३, साधारण ०.९४ नॅनोमीटर. याच्यापेक्षा लांब असताना दोन न्यूट्रल अणू असणं स्वस्त, याच्या आत आलं की दोन आयन असणं स्वस्त. बॉन्डच्या लांबीवर, ०.२३६ ला, आकर्षणाचे ६.१ मिळाले, त्यातून १.५३ वजा केले तर ४.५७. मोजून मिळणारा आकडा ४.२ ते ४.३ च्या दरम्यान आहे. इतक्या साध्या हिशोबाने ०.३ च्या फरकापर्यंत पोचणं ही खरंच कौतुकाची गोष्ट आहे, मुलांना ती नक्की दाखवा.

ही एका अंतरावर इलेक्ट्रॉनने उडी मारायची कल्पना फक्त कागदावरची नाही बरं का. सोडियम आयोडाइडचा हिशोब करा, आयोडीनची इलेक्ट्रॉन अफिनिटी (इलेक्ट्रॉन घेताना परत मिळणारी एनर्जी) ३.०६, म्हणून तोटा २.०८ आणि ते अंतर येतं ०.६९ नॅनोमीटर. रसायनशास्त्रज्ञ अहमद झेवैल यांच्या गटाने १९८० च्या दशकात नेमका हाच रेणू फेम्टोसेकंद लेझरने (अतिशय क्षणिक पल्स देणाऱ्या लेझरने) बघितला. एका लेझर पल्सने रेणूला वरच्या अवस्थेत न्यायचं आणि थोड्या वेळाने दुसऱ्या पल्सने तो कुठे पोचलाय ते तपासायचं. रेणू ताणला जातो, ०.६९ च्या आसपास पोचतो, तिथे दोन अवस्थांच्या एनर्जी जवळजवळ सारख्या होतात. त्याच्या आतल्या बाजूला ही वरची अवस्था न्यूट्रल अणूंसारखी वागते आणि बाहेरच्या बाजूला आयनांसारखी. आयन झाले की आकर्षण त्यांना परत आत खेचतं, रेणू परत आत येतो, असं त्याचं येणंजाणं चालतं, एका फेरीला साधारण सव्वा पिकोसेकंद (एक पिकोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक लाख कोटीवा भाग). आणि प्रत्येक फेरीत त्या जागी काही रेणू निसटतात, सोडियम आणि आयोडीनचे सुटे अणू होऊन निघून जातात. मिळालेल्या आलेखात हे टप्पे एकामागून एक स्पष्ट दिसले. झेवैल यांना १९९९ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं ते याच पद्धतीच्या कामासाठी. तुमच्या मुलांनी वहीत केलेला भागाकार तिथे प्रयोगात उभा राहिलेला दिसतो.

प्रश्न: सूत्रानुसार अंतर शून्य केलं तर एनर्जी उणे अनंत होते. मग आयन एकमेकांत घुसून एक का होत नाहीत? थांबवतं कोण?

थांबवतात ते इलेक्ट्रॉन. सोडियमच्या आयनात १० इलेक्ट्रॉन आहेत, क्लोराइडमध्ये १८, सगळी कवचं भरलेली. दोन ढग एकमेकांवर चढायला लागले की पाउलीच्या नियमाने सगळ्यांना खालच्या अवस्थांमध्ये जागा मिळत नाही, काहींना वर जावं लागतं आणि एनर्जी झपाट्याने वाढते. किती झपाट्याने, तर मॅक्स बॉर्न आणि आल्फ्रेड लांडे यांनी १९१८ मध्ये यासाठी अंतराच्या मोठ्या घाताचं पद वापरलं, मिठासाठी तो घात साधारण ८ ते ९ धरतात. आकर्षण १ भागिले अंतर आणि हे १ भागिले अंतराचा आठवा घात. अंतर निम्मं केलं तर आकर्षण दुप्पट होतं आणि हे २५६ पट! म्हणून ढग भिडेपर्यंत त्याचं अस्तित्वही जाणवत नाही आणि भिडले की भिंतच.

जिथे ओढ आणि ढकल बरोबर तोलली जाते तिथे बॉन्डची लांबी. इथे बरेच जण घोटाळा करतात म्हणून सांगते, त्या जागी बल शून्य असतं, एनर्जी शून्य नसते, उलट ती तिथे सगळ्यात कमी असते. आणि रेणू तिथे गप्प उभाही नसतो, निरपेक्ष शून्य तापमानालासुद्धा थोडंसं कंपन उरतंच.

खरं तर नुसते स्थिर चार्ज कूलोमच्या बलावर कधीच स्थिर रचना करू शकत नाहीत, हे ब्रिटिश गणितज्ञ अर्नशॉने १८४२ मध्येच दाखवलं होतं. तेव्हा अणूच्या आत काय आहे हे कुणालाच माहीत नव्हतं, पाउलीचा नियम यायला अजून ८० हून जास्त वर्षं होती. म्हणजे काहीतरी दुसरं लागणार हे आधी कळलं आणि ते दुसरं काय हे खूप नंतर.

प्रश्न: हेच सूत्र हायड्रोजन क्लोराइडला लावलं तर चालेल का?

लावून बघा, म्हणजे ते कुठे फसतं ते दिसेल. बॉन्डची लांबी ०.१२७ नॅनोमीटर, आकर्षण ११.३ इलेक्ट्रॉन व्होल्ट. हायड्रोजनकडून इलेक्ट्रॉन काढायला १३.६, क्लोरीनकडून परत ३.६१, तोटा जवळपास १०. हाती उरतात १.३ आणि प्रत्यक्षात हा बॉन्ड तोडायला साडेचारच्या जवळपास लागतात. फरक तिपटीहून जास्त, म्हणजे चित्रच चुकीचं आहे, इथे इलेक्ट्रॉन दिलेला नाही तर दोघांत वाटून घेतलेला आहे.

डायपोल मोमेंटवरून (रेणूच्या दोन टोकांचे चार्ज किती आणि किती अंतरावर आहेत याचं माप, एकक डिबाय) हेच ताडून बघता येतं. पूर्ण एक चार्ज इकडून तिकडे गेला असता तर हायड्रोजन क्लोराइडचा डायपोल ६.१ डिबाय आला असता, मोजला तर १.१ च्या आसपास येतो, म्हणजे १८ टक्के. सोडियम क्लोराइडच्या रेणूचा ११.३ यायला हवा होता आणि ९ येतो, म्हणजे ७९ टक्के. हो, मिठाच्या रेणूतसुद्धा १०० नाही, कारण सोडियमचा छोटा घट्ट आयन क्लोराइडचा ढग आपल्याकडे ओढून घेतो. मग आधीच्या उत्तरात हिशोब इतका छान कसा जमला? तर ढग ओढला गेल्यामुळे एनर्जी थोडी खाली जाते आणि ढग भिडल्यामुळे थोडी वर येते, मी दोन्ही सोडून दिल्या होत्या आणि त्या एकमेकींना बऱ्यापैकी कापतात. सूत्र वापरताना हे माहीत असलेलं बरं.

प्रश्न: बॉन्ड तुटला की एनर्जी बाहेर पडते ना? एटीपीमध्ये (पेशींना एनर्जी पुरवणाऱ्या रेणूत) तसंच सांगतात.

नाही. कुठलाही स्थिर बॉन्ड तोडायला एनर्जी द्यावी लागते, पहिल्याच उत्तरातल्या उणे चिन्हाचा अर्थ तोच आहे. बाहेर पडते ती नवीन बॉन्ड तयार होताना. एटीपीच्या बाबतीत गोष्ट अशी की त्याच्या तीन फॉस्फेटच्या शेपटीवर शरीरातल्या परिस्थितीत जवळपास ४ निगेटिव्ह चार्ज एकाशेजारी एक दाटलेले असतात. सारखे चार्ज, म्हणजे त्यांच्या जोड्यांची एनर्जी अधिक. पाण्याशी रिअॅक्शन होऊन टोकाचा फॉस्फेट वेगळा झाला की ही दाटी कमी होते, सुट्या झालेल्या तुकड्यांना पाणी जास्त नीट घेरतं, नवे बॉन्ड तयार होतात, आणि या सगळ्यातून मिळणारं तोडण्याच्या खर्चापेक्षा जास्त असतं. हिशोब पूर्ण रिअॅक्शनचा असतो, एका बॉन्डचा नाही.

प्रश्न: मिठाच्या खड्यात खरंच रेणू असतात का? आणि रेणूत आयन ०.२३६ वर असतात तर खड्यात ०.२८२ वर का, लांब गेल्यावर बॉन्ड कमजोर नाही का होणार?

खड्यात रेणू नसतात. १९१३ मध्ये ब्रॅग पितापुत्रांच्या एक्स-रेच्या कामातून मिठाची रचना समोर आली तेव्हा प्रत्येक सोडियमभोवती ६ क्लोराइड आणि प्रत्येक क्लोराइडभोवती ६ सोडियम असं दिसलं, कुणाची जोडी कुणाशी हे सांगताच येत नाही.

प्रत्येक जोडीचं म्हणाल तर हो, ती कमजोर होते. १.४४ भागिले ०.२८२ म्हणजे ५.१, रेणूत ६.१ होती. पण आता जोड्या किती आहेत बघा. एका सोडियमवर उभं राहून बघितलं तर पहिले ६ क्लोराइड ओढतात, मग वर्गमूळ २ पट अंतरावर १२ सोडियम ढकलतात, मग वर्गमूळ ३ पट अंतरावर ८ क्लोराइड परत ओढतात, असं चालूच राहतं. ही बेरीज सरळ गोल गोल थर धरून केली तर ती एका जागी स्थिरावतच नाही, वर खाली होत राहते, कारण प्रत्येक गोलावर एकूण चार्ज उरतो आणि कूलोमचा हात लांब आहे. भौतिकशास्त्रज्ञ एव्येन यांनी १९३२ मध्ये यावर एक सुंदर युक्ती दिली. गोल न घेता घन घ्यायचे आणि घनाच्या पृष्ठभागावर येणारे आयन वाटून घ्यायचे, बाजूच्या मधला अर्धा, कडेवरचा पाव, कोपऱ्यातला एक अष्टमांश, म्हणजे घनाचा एकूण चार्ज शून्य राहतो. पहिल्याच घनाला ६ चे अर्धे ३, वजा १२ चे पाव ३ भागिले १.४१४, अधिक ८ चा अष्टमांश १ भागिले १.७३२. उत्तर १.४६. दुसरा घन घेतला की १.७५. खरी किंमत १.७४७६, तिला माडेलुंग स्थिरांक म्हणतात, एर्विन माडेलुंग यांनी १९१८ मध्ये अशा बेरजांची पद्धत दिली म्हणून. वहीचं अर्धं पान पुरतं, करून बघाच.

म्हणजे खड्यात एका सोडियम-क्लोराइडमागे ५.१ गुणिले १.७५, जवळजवळ उणे ८.९ इलेक्ट्रॉन व्होल्ट. ढग भिडण्याचा भाग वजा केला की ८ च्या आसपास, मोलमध्ये सुमारे ७८७ किलोज्यूल, यालाच लॅटिस एनर्जी म्हणतात. एकेक जोडी लांब गेली तरी एकूण फायदा रेणूपेक्षा बराच जास्त. आणि लांब जावं का लागतं, तर ६ जण एकाच आयनाला भिडलेत, ढग भिडण्याचा विरोध सहापट झालाय, ओढ मात्र बाकीच्या ढकलाढकलीमुळे पावणेदोन पटच झालीय, त्यामुळे तोल थोडा बाहेर सरकतो.

चार्ज दुप्पट केले तर काय होतं तेही बघा. मॅग्नेशियम ऑक्साइडची रचना अशीच आहे, फक्त प्लस २ आणि मायनस २, म्हणजे गुणाकार चौपट, आणि अंतरही कमी, ०.२१. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळतं, मॅग्नेशियम ऑक्साइड २८०० च्याही वर. भट्ट्यांच्या आतल्या विटांमध्ये ते वापरतात ते उगाच नाही.

प्रश्न: मी निवृत्त आहे, नातवाला शिकवताना अडलो. जे मीठ वितळायला ८०० अंश लागतात ते साध्या थंड पाण्यात कसं काय विरघळतं?

काका, प्रश्न अगदी मर्मावर आहे. नेहमीचं उत्तर असं की पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या जवळ आहे, म्हणजे पाण्यात दोन आयनांमधली एनर्जी हवेतल्यापेक्षा ८० पट कमी. ६.१ भागिले ८० केलं तर ०.०७६ येते, खोलीच्या उष्णतेच्या धक्क्यांच्या फक्त तिप्पट. तेवढ्याने आयन सहज एकमेकांपासून सुटतात. दिशा बरोबर आहे पण एक गोष्ट राहते, ८० हा आकडा आयनांच्या मधे भरपूर पाणी असेल तेव्हाचा आहे. दोन आयन चिकटलेले असताना मधे पाण्याचा एकही रेणू मावत नाही, तिथे ८० ने भागणं फारसं खरं नाही.

म्हणून नातवाला दुसऱ्या बाजूने सांगा. खडा तोडायला ७८७ किलोज्यूल लागतात ते लागतातच, त्यात सूट नाही. पण सुटा झालेला प्रत्येक आयन लगेच पाण्याच्या रेणूंनी घेरला जातो, सोडियमकडे पाण्याचे ऑक्सिजन तोंड करतात आणि क्लोराइडकडे हायड्रोजन, आणि या घेरण्यातून जवळजवळ तेवढीच एनर्जी परत मिळते, ७८३ च्या आसपास. एवढ्या दोन मोठ्या आकड्यांमधून उरतो तो फरक जेमतेम ४ किलोज्यूल, आणि तोही खर्चाच्याच बाजूला. म्हणजे एनर्जीच्या हिशोबाने मीठ विरघळणं किंचित तोट्याचंच आहे, तरी ते विरघळतं कारण खड्यात एका जागी जखडलेल्या आयनांना पाण्यात पसरायला प्रचंड मोकळीक मिळते, एंट्रॉपी वाढते. ते ४ किलोज्यूल पाण्याच्या उष्णतेतूनच घेतले जातात, त्यामुळे पाणी थोडं गार होतं. नातवाकडे बऱ्यापैकी थर्मामीटर असेल तर एक लिटर पाण्यात ५८.५ ग्रॅम मीठ ढवळून बघायला सांगा, तापमान १ अंशाच्या जरा आत उतरलेलं दिसेल. फक्त मीठ आणि पाणी आधी बराच वेळ एकाच खोलीत शेजारी ठेवलेले असू देत, नाहीतर मिठाचं स्वतःचं तापमान वेगळं असलं तर एवढा छोटा फरक त्यातच बुडून जातो.